बोट उचललं की मशीन थांबलं पाहिजे: छोट्या सीएनसीला कीपॅड जोडताना

छोट्या सीएनसीवर (कॉम्प्युटरच्या आज्ञेवर चालणाऱ्या कोरीव मशीनवर) झीरो, म्हणजे मोजणीचा शून्य बिंदू, घेताना मान सारखी दोन्हीकडे वळत असते. एकदा बिटच्या टोकाकडे, एकदा लॅपटॉपवरच्या बाणाकडे. बिट आणि लाकूड यांच्यात कागदाइतकी फट उरलेली असते आणि नेमकं तेव्हाच पॉइंटर बरोबर बाणावर आहे ना, हे बघायला नजर वर जाते. पॉइंटर जरासा घसरलेला असला की झेड (बिट वर-खाली नेणारा अक्ष) वर जायच्या ऐवजी खाली येतो आणि व्ही-बिटचं टोक गेलंच म्हणून समजा. प्रोग्रॅम करता येणारा कीपॅड लावायचा तो एवढ्यासाठी: नजर बिटवरून हलू नये आणि बोटाला बटण न बघता सापडावं.

इथले आकडे ३०१८ जातीच्या मशीनला धरून आहेत: ३०० बाय १८० मिमी कामाची जागा, टी८ स्क्रू, मिलिमीटरला ८०० स्टेप्स आणि कंट्रोलरवर जीआरबीएल १.१ हे मशीन चालवणारं फर्मवेअर (चिपमधला प्रोग्रॅम). मोठ्या राउटरला आकडे बदलतील, हिशेब तोच राहील. आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. मशीनला देताना त्यांचीच रोमन अक्षरं टाकायची.

कीपॅडचा विषय निघाला की कुठल्या बटणाला काय द्यायचं, हेच सगळे आधी ठरवायला बसतात. ते नंतर. आधी बटण सोडल्यावर काय होतं ते बघायचं.

बटण सोडल्यानंतरचे २७ मिलिमीटर

कीबोर्डचं बटण दाबून धरलं की कॉम्प्युटर क्षणभर थांबतो आणि मग तेच अक्षर पुन्हा पुन्हा टाकत सुटतो. विंडोजमध्ये हा वेग पूर्ण वाढवला तर सेकंदाला साधारण ३० वेळा. आता जॉगचं (बटणाने मशीन सरकवण्याचं) पाऊल १ मिमी आणि फीड, म्हणजे चालण्याचा वेग, मिनिटाला १००० मिमी धरू. मशीन सेकंदाला १६.७ मिमी चालतं, तुम्ही मात्र सेकंदाला ३० मिमीची मागणी नोंदवताय. दोन सेकंद बटण धरलं की मागणी ६० मिमीची झाली, त्यातले ३३ मिमी कापून झाले आणि २७ मिमी रांगेत उभे आहेत. बोट उचललं तरी मशीन आणखी दीड सेकंदाहून जास्त चालत राहतं. एक्समध्ये हे चालून जाईल. झेडमध्ये बिट सरळ टेबलात घुसतं.

सॉफ्टवेअरने स्वतः रांग लावली नाही तरी सुटका नाही, कारण जीआरबीएलच्या पोटातही रांग आहे. डॉलर-१० या सेटिंगला ३ दिलं की स्टेटसमध्ये बफर दिसतो, आणि मशीन रिकामं असताना तिथे १५,१२८ असे आकडे येतात. म्हणजे प्लॅनरमध्ये (पुढच्या हालचालींच्या यादीत) १५ हालचाली मावतात आणि सीरिअल बफरमध्ये (आलेल्या ओळी साठवायच्या जागेत) १२८ अक्षरं. जॉगची एक ओळ (डॉलर जे बरोबर, जी९१ जी२१ एक्स१ एफ१०००) मोकळ्या जागा न सोडता लिहिली तर शेवटच्या एंटरसकट १७ अक्षरांची होते. १२८ मध्ये अशा ७ ओळी बसतात. ७ आणि १५ मिळून २२ हालचाली, म्हणजे २२ मिमी. सॉफ्टवेअर बफर भरून ठेवणाऱ्या पद्धतीने पाठवत असेल, तर बोट उचलल्यानंतर एवढं अंतर जाऊ शकतं.

उपाय जीआरबीएल १.१ मध्येच दिलेला आहे. बटण दाबलं की एकच लांब जॉग पाठवायचा, आणि सोडलं की जॉग कॅन्सल. जॉग कॅन्सल म्हणजे हेक्स ८५ हा एकच बाइट. तो ओळीत उभा राहत नाही. आल्या आल्या इंटरप्टमध्येच उचलला जातो, चालू जॉग थांबतो आणि प्लॅनरमधले उरलेले जॉग पुसले जातात. मशीन जॉगच्या अवस्थेत नसेल तर हा बाइट काहीच करत नाही, त्यामुळे जॉब (फाइलमधलं काम) चालू असताना चुकून गेला तरी नुकसान नाही. काही जण याच कामाला फीड होल्ड, म्हणजे उद्गारचिन्ह वापरतात. जॉगमध्ये तोही थांबवतो, पण जॉब चालू असताना गेला तर जॉबच थांबतो. सोडण्याला हेक्स ८५ च द्यावा.

थांबणं म्हणजे जागच्या जागी थांबणं नव्हे, हेही लक्षात ठेवायचं. जॉग कॅन्सल झाला तरी मशीन आपल्या अ‍ॅक्सिलरेशनच्या मर्यादेतच हळू होतं. वेगाचा वर्ग भागिले अ‍ॅक्सिलरेशनची दुप्पट, हे थांबण्याचं अंतर. अ‍ॅक्सिलरेशन ३० (मिमी प्रति सेकंद वर्ग) असेल तर १००० च्या फीडला हे ४.६ मिमी येतं आणि ३०० च्या फीडला ०.४ मिमी. म्हणून जवळ जाताना फीड कमी करायला पर्याय नाही. झेडच्या बटणाला १००० चा फीड कधीच देऊ नये, ३०० पुरे.

तुमचं सॉफ्टवेअर आत्ता नेमकं काय करतं ते पाच मिनिटांत कळतं. बिट काढून ठेवा, मशीन मधोमध आणा, पाऊल १ मिमी आणि फीड ५०० करा, आणि एक्सचं बटण दोन सेकंद धरून सोडा. सोडल्यावर किती मिलिमीटर पुढे गेलं ते स्क्रीनवर दिसेल. अ‍ॅक्सिलरेशन ३० असेल तर सव्वा मिमीच्या आसपास जायला हवं. दहा-पंधरा गेलं तर तुमचं सॉफ्टवेअर रांग लावतंय, आणि अशा जोडणीवर झेडचं बटण दाबून धरायचं नाही, टकटक करत एकेक पाऊल द्यायचं.

कोणता कीपॅड

सगळ्यात साधा म्हणजे बाजारात मिळणारा यूएसबी नंबरपॅड. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत सहज मिळतो, आणि रबरी पटलाचा असेल तर एमडीएफच्या भुशाला चांगला टिकतो. अडचण अशी की तो मुख्य कीबोर्डसारखाच दिसतो, कॉम्प्युटरला दोघांतला फरक सहज कळत नाही. शिवाय नम लॉक. नम लॉक बंद असला की ८ चा वरचा बाण होतो आणि ५ चं काहीच होत नाही. बिनतारी नंबरपॅड तर घेऊच नये. तो मधेच झोपतो, आणि जागा होताना पहिलं दाबणं गिळतो. दाबणं गिळलं तर एक वेळ ठीक, सोडणं हरवलं तर काय, याचा विचार करा.

दुसरा प्रकार म्हणजे ऑनलाइन मिळणारे छोटे तयार मॅक्रोपॅड: ३, ६ किंवा १२ बटणं आणि एक-दोन फिरकीची नॉब. कुठल्या बटणाने काय पाठवायचं ते त्यांच्याच प्रोग्रॅमने त्यांच्या आत साठवता येतं. एकदा भरलं की कुठल्याही कॉम्प्युटरला लावा, तेच पाठवतात. घेतल्यावर आधी एक चाचणी करा. एका बटणाला एखादं रोमन अक्षर द्या, नोटपॅड उघडा आणि बटण धरून ठेवा. अक्षरांची रांग लागली तर पॅड दाबणं आणि सोडणं वेगवेगळं कळवतो. एकच अक्षर उमटून थांबलं तर तो स्वतःच लगेच सोडून मोकळा होतो, आणि अशा पॅडवर दाबून धरायचा जॉग होणारच नाही. पावलांच्या जॉगला आणि होल्ड-रिझ्यूमला तो तरीही उत्तम.

तिसरा, आणि मेहनत घ्यायची तयारी असेल तर घ्यावा असा, म्हणजे स्वतः केलेला. प्रो मायक्रो बोर्ड (एटीमेगा ३२यू४ चिपचा, साधा आर्डुइनो ऊनो इथे चालत नाही, कारण तो कॉम्प्युटरला कीबोर्ड म्हणून ओळख देऊ शकत नाही), १२ एमएक्स पद्धतीचे स्विच, दोन ईसी११ एनकोडर आणि क्यूएमके हे फर्मवेअर. बहुतेक मार्गदर्शनात स्विच मॅट्रिक्समध्ये जोडून प्रत्येकाला डायोड लावायला सांगतात. बारा बटणांना त्याची गरजच नाही. प्रो मायक्रोवर वापरायला १८ पिना आहेत. १२ बटणांच्या १२ आणि दोन एनकोडरच्या ४ मिळून १६ होतात. प्रत्येक स्विचचं एक टोक आपापल्या पिनला, दुसरं सगळ्यांचं मिळून ग्राउंडला. पुल-अप चिपच्या आतच आहेत. क्यूएमकेमध्ये याला डायरेक्ट पिन्स म्हणतात.

वरची पट्टी याच मशीनवर कापता येते. स्विचचं भोक १४ बाय १४ मिमी, दोन स्विचमधलं अंतर १९.०५ मिमी, पट्टीची जाडी १.५ मिमी. जाडीचा आकडा महत्त्वाचा आहे. स्विचच्या खिट्ट्या १.५ मिमीलाच अडकतात. ३ मिमीचं अ‍ॅक्रिलिक वापरलं तर स्विच बसतो पण अडकत नाही, आणि कॅप काढताना स्विचच वर येतो. २ मिमीच्या एंडमिलने कापलं तर भोकाच्या कोपऱ्यात १ मिमीची गोलाई राहते आणि स्विचचे कोपरे तिथे अडतात. १ मिमीचं बिट लावा, किंवा ड्रॉइंगमध्येच चारही कोपरे थोडे बाहेर काढा. डबा मागून बंद हवाच. अ‍ॅल्युमिनिअम कापताना उडणारी किस उघड्या बोर्डावर पडली की दोन पिना जोडल्या जातात, आणि कीपॅडला वाटतं की कुणीतरी बटण दाबून धरलंय.

एका बटणाचे तीन निरोप

स्वतःच्या फर्मवेअरचा खरा फायदा इथे दिसतो. क्यूएमकेमध्ये प्रोसेस-रेकॉर्ड-यूझर या फंक्शनमध्ये बटण खाली गेलं की वेगळं काम आणि वर आलं की वेगळं काम सांगता येतं. खाली गेलं की एफ१३ एकदाच टॅप करायचं. टॅप म्हणजे दाबून लगेच सोडणं, त्यामुळे कॉम्प्युटरची पुनरावृत्ती सुरूच होत नाही. बोट वर आलं की एफ२१ टॅप. सॉफ्टवेअरमध्ये एफ१३ ला एक्स प्लसचा लांब जॉग आणि एफ२१ ला जॉग कॅन्सल. रांगेचा प्रश्न मुळातच मिटला. व्हायामधल्या (कंपाइल न करता बटणं नेमून देणाऱ्या प्रोग्रॅममधल्या) मॅक्रोला हे जमत नाही, कारण तो फक्त दाबण्यावर चालतो. फर्मवेअर एकदा कंपाइल करावंच लागतं.

यातली एक खोच मात्र बघून ठेवावी लागते. बटण पटकन टिचकी मारून सोडलं तर जॉगची ओळ अजून सॉफ्टवेअरमध्येच असते, आणि हेक्स ८५ तिच्या आधी मशीनला पोचू शकतो. मशीन तेव्हा रिकामं असतं, त्यामुळे कॅन्सल दुर्लक्षिला जातो. मागून जॉगची ओळ येते आणि मशीन निवांत पूर्ण अंतर जातं. बटणावर बोट नाही, मशीन पळतंय. म्हणून दाबल्या दाबल्या लांब जॉग पाठवायचाच नाही. पहिल्या २५० मिलिसेकंदांत बोट उठलं तर तो टॅप समजायचा आणि शिफ्टसकट एफ१३ पाठवायचं, त्याला ०.१ मिमीचं एकच पाऊल जोडलेलं असतं. २५० मिलिसेकंद उलटून गेले तरच लांब जॉग. सोडल्यावर एफ२१ एकदा, आणि १०० मिलिसेकंदांनी पुन्हा एकदा. दुसरा कॅन्सल बहुतेक वेळा वाया जातो, जाऊ दे.

लांब जॉगचं अंतरही आवरूनच ठेवावं. एक्स-वायला ५० मिमी, झेडला १० मिमी. वायर निसटली, सॉफ्टवेअर अडकलं आणि सोडल्याचा निरोप पोचलाच नाही, तर मशीन तेवढंच जाऊन थांबेल. दुसरं कारण सॉफ्ट लिमिटचं, म्हणजे फर्मवेअरमध्ये ठरवलेल्या हद्दीचं. डॉलर-२० ला १ असेल (त्यासाठी होमिंग, म्हणजे मशीनने स्विचवरून आपली मूळ जागा शोधणं लागतं) आणि जॉगचं अंतर मशीनच्या हद्दीबाहेर जात असेल, तर जीआरबीएल ती ओळ पूर्णच नाकारतं आणि एरर १५ देतं. हद्दीपर्यंत जाऊन थांबणं असं काही तो करत नाही. २०० मिमीचा जॉग ठेवला तर मधोमध उभं असलेलं मशीनसुद्धा हलणार नाही, आणि लोक कीपॅड उघडून सोल्डर तपासत बसतात.

न हलण्याची आणखी दोन कारणं अशीच वरवर न दिसणारी आहेत. जॉग फक्त रिकाम्या किंवा आधीच जॉग करत असलेल्या मशीनला चालतो. होल्ड दाबून जॉब थांबवला आणि बिट जरा वर घ्यावं म्हणून झेड दाबलं, तर एरर ८ येतो. अलार्ममध्ये असताना तर काहीच चालत नाही. आधी डॉलर-एक्सने कुलूप उघडायचं किंवा डॉलर-एचने होम करायचं. डॉलर-एक्सला कीपॅडवर बटण देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. अलार्म का आला ते वाचल्याशिवाय तो उघडायची सवय लागते.

एफ१३ पासून एफ२४

बाण, अक्षरं, स्पेस यांतलं काहीही कीपॅडवर ठेवू नका. सॉफ्टवेअरमध्ये फोकस पावलाच्या यादीवर असेल तर वरचा बाण मशीन हलवत नाही, यादीतलं पाऊल ०.१ वरून १ वर नेतो. पुढचं दाबणं दहापट मोठं पडतं. एफ१३ ते एफ२४ ही बारा बटणं साध्या कीबोर्डवर नसतात, कुठलाही प्रोग्रॅम ती सहसा वापरत नाही, आणि विंडोज ती नीट ओळखतं. मशीनला आज्ञा पाठवणाऱ्या प्रोग्रॅमपैकी यूजीएसच्या प्लॅटफॉर्म आवृत्तीत कीमॅपमध्ये आणि जीसेंडरमध्ये शॉर्टकटच्या पानावर जाऊन ती नेमून देता येतात. लिनक्सवर यातल्या काहींना टूल्स, लाँच अशी दुसरी नावं मिळतात. तिथे आधी तपासून घ्या.

फोकसचा प्रश्न मात्र याने सुटत नाही. कळ त्याच खिडकीला जाते जी पुढे आहे. बटण धरलेलं असताना अपडेटची पाटी वर आली, तर सोडल्याचा निरोप त्या पाटीला जातो. मशीनच्या कॉम्प्युटरवर सगळ्या नोटिफिकेशन बंद, ब्राउझर बंद. यावरचा पक्का इलाज म्हणजे रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर सीएनसीजेएस (असाच आज्ञा पाठवणारा प्रोग्रॅम) चालवणं आणि कीपॅड एव्हडेव्हमधून (लिनक्सच्या कळा वाचायच्या सोयीतून) थेट वाचणारी छोटी पायथन स्क्रिप्ट. एव्हडेव्हमध्ये दाबल्याला १, सोडल्याला ० आणि पुनरावृत्तीला २ येतो. २ आला की दुर्लक्ष करायचं, संपलं. ग्रॅब केलं, म्हणजे कीपॅड फक्त स्क्रिप्टच्या ताब्यात घेतला, की ही कळ दुसऱ्या कुठल्याही खिडकीला जात नाही. फक्त स्क्रिप्टने सीरिअल पोर्ट स्वतः उघडायला जाऊ नये, तो एका वेळी एकाच प्रोग्रॅमच्या हातात असावा. स्क्रिप्टने सीएनसीजेएसच्या सॉकेटला सांगायचं, आणि त्याने मशीनला.

मांडणी

चार दिशा अधिकच्या चिन्हासारख्या, झेडची दोन बटणं त्यांच्यापासून एक रांग सोडून. झेड-खालीच्या कॅपवर गरम गोंदाचा एक थेंब टाकून ठेवला की अंधारातही बोटाला कळतं. ३०१८ वर वायमध्ये टेबल सरकतं, टूल नाही. म्हणून वाय प्लस दाबलं की टेबल तुमच्याकडे येतं. हे उलटं वाटतं आणि बरेच जण बटणं अदलाबदल करतात. करू नका. बिट कामाच्या तुकड्यावर कुठे जातं, ते बघायचं असतं. बिट तुकड्याच्या मागच्या कडेकडे जातं, तो वाय प्लसच आहे.

पाऊल बदलायला एकच बटण ठेवून ०.१, १, १०, परत ०.१ असं फिरवत नेणं धोक्याचं. कीपॅडला मशीनकडून काहीच कळत नाही, निरोप एकाच दिशेने जातो. कीपॅडवर दिवा लावलात तरी तो कीपॅडला काय वाटतं ते दाखवतो, सॉफ्टवेअरमध्ये काय आहे ते नाही. एकदा घोळ झाला की दिवा ०.१ म्हणतो आणि झेड १० खाली जातो. वर सांगितलेल्या पद्धतीत टॅप म्हणजे नेहमीच ०.१ आणि धरणं म्हणजे नेहमीच लांब जॉग, पाऊल बदलायचं बटणच लागत नाही.

होल्ड मोठ्या कॅपचं, कोपऱ्यात. रिझ्यूम त्याच्या शेजारी ठेवू नये, घाईत बोट दोन्हींवर पडतं. झीरोची बटणं दुसऱ्या लेयरवर (त्याच बटणांच्या दुसऱ्या अर्थावर): डाव्या हाताने लेयरचं बटण धरल्याशिवाय झीरो होणारच नाही. चालत्या तुकड्याचा झीरो एका चुकीच्या स्पर्शाने गेला की तो तंतोतंत परत मिळत नाही. स्टॉपच्या बटणाला सरळ सॉफ्ट रिसेट देऊ नका. मशीन चालू असताना रिसेट गेला की अलार्म ३ येतो आणि जागेवरचा विश्वास संपतो, पुन्हा होम करावं लागतं. आधी होल्ड, पूर्ण थांबू द्यायचं, मग रिसेट. जागा शाबूत राहते.

नॉबने जॉग करण्याचा मोह सगळ्यांना होतो. ईसी११ एका फेरीत साधारण २० खटके देतो, म्हणजे ०.१ च्या पावलाने फेरीला २ मिमी. मोठ्या मशीनच्या हँडव्हीलला १०० खटके असतात. वर हा नॉब जोरात फिरवला की पुन्हा तीच रांग. नॉब फीड ओव्हरराइडला (चालू जॉबचा वेग कमी-जास्त करायला) द्या, तिथे तो सोन्यासारखा आहे. एक खटका म्हणजे १० टक्के, हेक्स ९१ ने वर आणि ९२ ने खाली, १० ते २०० टक्क्यांपर्यंत. हे बाइटही रांगेत थांबत नाहीत. बिट किंचाळायला लागलं की कानाने ऐकत दोन खटके मागे घ्यायचे, आवाज बसतो. दोन खटक्यांना मिळून एकदाच मोजलं जात असेल तर क्यूएमकेमध्ये एनकोडरचं रिझोल्यूशन ४ वरून २ करा.

प्रोबचं बटण

प्रोब म्हणजे बिट प्लेटला टेकवून झेडचा झीरो घेणं. पीसीबी (सर्किट बोर्ड) कोरणाऱ्यांना कीपॅडवरचं हे बटण सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. कॉपर क्लॅडचा (तांब्याचा थर असलेल्या बोर्डाचा) एक तुकडा प्लेट म्हणून वापरा. त्याची जाडी १.६ लिहिलेली असली तरी व्हर्नियरने मोजून घ्या, आणि जो आकडा येईल तोच मॅक्रोत टाका. क्रम असा: जी२१ जी९१, मग जी३८.२ झेड-१५ एफ१००, जी० झेड१, जी३८.२ झेड-२ एफ२५, जी१० एल२० पी० झेड१.६, जी० झेड५ आणि शेवटी जी९०.

दोनदा टेकवण्याला कारण आहे. बिट प्लेटला लागल्यावर मशीन हळू होत थांबतं, आणि झीरो ठरवणारा जी१० तो थांबलेला बिंदू धरतो, लागलेला नव्हे. झेडचं अ‍ॅक्सिलरेशन १० असेल तर एफ१०० ला हा फरक ०.१४ मिमी येतो. तांबं कोरायची खोली सहसा ०.१ मिमीच्या आसपास असते, म्हणजे चूक खोलीपेक्षा मोठी. एफ२५ ला तोच फरक ०.०१ मिमीच्या आत राहतो.

शेवटचं जी९० विसरलं तर मशीन सापेक्ष मोजणीतच राहतं आणि पुढच्या फाइलच्या सुरुवातीला जी९० नसेल तर सगळं काम भलतीकडे जातं. बटण दाबायच्या आधी क्लिप हाताने प्लेटला लावून स्टेटसमध्ये प्रोबचा पी उमटतो का बघायचं, दर वेळी. क्लिप निसटलेली असली तर मशीन १५ मिमी खाली जाण्याचा प्रयत्न करतं, वाटेत प्लेट असो वा नसो.

स्पिंडल सुरू झाला की कीपॅड बंद पडतो

३०१८ वरची ७७५ मोटर ब्रशची आहे, आणि ब्रशच्या ठिणग्यांचा गोंगाट यूएसबीच्या वायरपर्यंत पोचतो. विंडोजचा डिव्हाइस निघाल्याचा आवाज स्पिंडल चालू होताना आला, की ओळखायचं. मोटरच्या दोन टोकांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करा, आणि जमलं तर प्रत्येक टोकापासून मोटरच्या पत्र्याला एकेक. कीपॅडची वायर स्पिंडलच्या वायरसोबत बांधू नका. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. वायर शिल्ड असलेली, दोन मीटरच्या आतली, टोकाला फेराइट. कीपॅड आणि मशीन एकाच हबवर लावू नयेत, कारण हब रिसेट झाला की दोन्ही एकदम जातात आणि जॉब अर्ध्यात मरतो. विंडोजचं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करून टाका.

वीज जाण्याचा भाग आपल्याकडे धरूनच चालावं लागतं. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, कंट्रोलरची चिप यूएसबीवर जिवंत असते, कीपॅड उत्तर देतो, स्क्रीनवरचे आकडेही पळतात. फक्त मोटरला वीज नसते. वीज आली की मशीनला वाटतं आपण पुढे पोचलोय. अशा वेळी रिझ्यूम दाबू नका. रिसेट, होम, आणि झीरो तपासून मगच पुढे.

हाच प्रकार इमर्जन्सी स्विचचा. कीपॅडवरचं कुठलंही बटण इमर्जन्सी स्विच नसतं, कितीही लाल कॅप लावली तरी. ते कॉम्प्युटर, सॉफ्टवेअर आणि यूएसबी अशा तीन हातांतून जातं. खरा स्विच म्हणजे दाबल्यावर अडकून राहणारा मश्रूम, एक एनसी (एरवी जोडलेला) आणि एक एनओ (एरवी तुटलेला) संपर्क असलेला. एनसी संपर्क २४ व्होल्टच्या लाइनमध्ये, म्हणजे स्पिंडल आणि ड्रायव्हर दोन्हींची वीज एकदम तुटते. संपर्काची डीसीची क्षमता तुमच्या पुरवठ्याच्या करंटपेक्षा जास्त हवी. पण नुसतं एवढ्याने जीआरबीएलला पत्ता लागत नाही, तो यूएसबीवर चालतच राहतो. म्हणून एनओ संपर्क कंट्रोलरच्या ए० पिन आणि ग्राउंडमध्ये. ही रिसेटची पिन आहे. बोर्डावर ए१ आणि ए२ बाहेर काढलेल्या असतील तर त्यांनाही एकेक साधं पुश बटण ग्राउंडशी जोडून ठेवा: ए१ होल्ड, ए२ रिझ्यूम. लॅपटॉप गोठला तरी ही दोन चालतात. या वायरी लांब असतील तर पिन आणि ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, नाहीतर स्पिंडलच्या गोंगाटाने मशीन आपोआप होल्डमध्ये जातं.

मश्रूम कीपॅडच्या डब्यावर बसवायचा नाही. कीपॅड हातात घेऊन फिरायची वस्तू आहे, कधी टेबलामागे जाईल तर कधी भुशाखाली. मश्रूम मशीनच्या टेबलाच्या पुढच्या कडेला, ज्या हाताने तुम्ही झटकन काही पकडता त्या हाताच्या बाजूला, दोन स्क्रूंनी पक्का.